मंडईची तारीख आणि सामन्याची वेळ

भाऊबीज आटोपली की झाडीपट्टीत मंडईचे दिवस सुरू होतात. आज या गावाची मंडई, उद्या त्या गावाची. शेजारची गावे शक्यतो एक दिवस धरत नाहीत, कारण पाहुणे तेच असतात, खेळणी-मिठाईची दुकाने तीच असतात आणि नाटकमंडळ्याही त्याच. या मंडळ्यांचे ठाणे असलेल्या वडशाला जाऊन नाटकाची तारीख धरली जाते. दिवसा बैलांच्या शर्यतीचा पट, रात्री नाटक. नऊ-दहाला सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. तणसावर बसलेल्या परगावच्या माणसाला मध्यरात्री परतायची काळजी राहत नाही, उजाडले की तो वाटेला लागतो. प्रेक्षक कुठून येणार, काय काम उरकून येणार आणि कसा परतणार, याचा विचार त्या वेळापत्रकात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला आहे.

व्यावसायिक फुटबॉलचे वेळापत्रक बनवणाऱ्यांपुढेही हेच प्रश्न असतात. फरक इतकाच की त्यांचे प्रेक्षक दोन ठिकाणी बसलेले असतात. काही हजार मैदानात आणि त्यांच्या कितीतरी पट लोक पडद्यापुढे. आपल्या गोंदिया जिल्ह्यातला फुटबॉलवेडा माणूस कायम दुसऱ्या गटात मोडतो. म्हणून बुधवारचा सामना साडेसातला सुरू होणार की आठला, तो कोणत्या वाहिनीवर दिसणार आणि दिसायला पैसे लागणार का, हे प्रश्न तिरोड्यात किंवा आमगावात बसलेल्या माणसाचेही आहेत.

सत्तर दिवस, एकसष्ट सामने

इंडियन सुपर लीगच्या गोष्टीत गोंदियाचा एक धागा अगदी सुरुवातीपासून आहे. ९ डिसेंबर २०१० रोजी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आयएमजी-रिलायन्सशी १५ वर्षांचा, ७०० कोटी रुपयांचा करार केला. त्या वेळी महासंघाचे अध्यक्ष होते भंडारा-गोंदियाचे तेव्हाचे खासदार प्रफुल्ल पटेल. भारतीय फुटबॉलचे व्यापारी आणि प्रक्षेपणाचे हक्क त्या कराराने एका कंपनीकडे गेले, आणि त्यातून पुढे इंडियन सुपर लीग उभी राहिली.

पहिला सामना १२ ऑक्टोबर २०१४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर झाला. कोलकात्याने मुंबई सिटीला ३-० ने हरवले. अंतिम सामना २० डिसेंबरला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला. आठ संघ, सत्तर दिवस आणि एकसष्ट सामने. म्हणजे जवळजवळ रोज संध्याकाळी एक सामना. सोमवार असो की गुरुवार, जेवणाच्या सुमारास टीव्ही लावला की फुटबॉल असायचाच. ही मांडणी दैनंदिन मालिकेच्या जवळची होती. प्रेक्षकाला सवय लागावी, एका संध्याकाळी एकच सामना असल्याने लक्ष विभागू नये आणि जाहिरातदाराला रोजची ठरलेली जागा मिळावी, हा त्यातला हिशेब. लीग चालवणाऱ्यांत स्टार हे वाहिन्यांचे घराणेही भागीदार होते, त्यामुळे मैदान आणि पडदा यांचा विचार एकत्रच झाला.

वेळ मात्र हलत राहिली. पहिले हंगाम सातचे होते. २०१७-१८ मध्ये आठ वाजले, त्यानंतर साडेसात. २०२२-२३ मध्ये रोजचा सामना सोडून मुख्यतः गुरुवार ते रविवार अशी विभागणी झाली. २०२३-२४ मध्ये प्रक्षेपण व्हायकॉम-१८ कडे गेले आणि वेळ पुन्हा आठची झाली. पुढच्या हंगामात ती परत साडेसातवर आली. अर्ध्या तासाने काय बिघडते, असे वाटेल. पण आठचा सामना मध्यंतर आणि वाढीव मिनिटे धरून दहाच्या सुमारास संपतो. मुंबई सिटीचे अंधेरीचे मैदान आझादनगर मेट्रो स्थानकाला लागून आहे, तिथला प्रेक्षक दहालाही घरी पोचतो. ज्याला पुढे दोन बस बदलायच्या आहेत, त्याला तो अर्धा तास जड जातो. सामना कधी सुरू होतो यापेक्षा तो कधी संपतो, हे मैदानात जाणाऱ्याला जास्त महत्त्वाचे असते. मंडईच्या नाटकाने हा प्रश्न पहाटेपर्यंत चालून सोडवला, फुटबॉलला ती मुभा नाही.

तारीख ठरते कशी

सामन्याची तारीख ठरवताना कागदावर प्रथम बंद दिवस मांडले जातात. राष्ट्रीय संघाचे सामने असतील ते दिवस गेले. आशियाई स्पर्धेत खेळणाऱ्या क्लबांचे दिवस गेले. एकच मैदान दोन क्लब वापरत असतील तर एकाचा दिवस दुसऱ्याला मिळत नाही. खेळाडूंना दोन सामन्यांमध्ये निदान तीनेक दिवसांची विश्रांती हवी आणि गुवाहाटीहून कोचीला जायचे तर प्रवासाचा एक दिवस वेगळा. त्यात क्रिकेट. भारताचा मोठा सामना ज्या रात्री असेल, त्या रात्री फुटबॉलला प्रेक्षक आणि जाहिराती दोन्ही कमी मिळतात.

मग येतात पोलीस. मैदानाबाहेरचा बंदोबस्त त्यांच्या हाती, त्यामुळे शेवटचा शब्दही त्यांचा. ११ जानेवारी २०२५ चा मोहन बागान-ईस्ट बंगाल सामना कोलकात्यात होऊ शकला नाही. गंगासागर मेळ्याच्या बंदोबस्तात पोलीस गुंतलेले होते, म्हणून कोलकात्याचा हा सर्वांत मोठा सामना गुवाहाटीत खेळवावा लागला. जत्रेच्या तारखेपुढे फुटबॉलने वाट दिली, हे मंडईच्या मुलखातल्या माणसाला सांगावे लागत नाही.

प्रक्षेपणाची बाजूही तितकीच किचकट. मैदानाबाहेर ओबी व्हॅन उभी राहते, कॅमेऱ्यांच्या तारा त्या गाडीत येतात, तिथे बसलेला दिग्दर्शक क्षणाक्षणाला चित्र निवडतो, आणि तेच चित्र उपग्रहावरून पुढे जाते. कॅमेरे, गाडी आणि माणसे यांचा एक संच एका शहरातून दुसऱ्यात हलवायला वेळ लागतो. प्रकाशझोतांचा उजेडही कॅमेऱ्याला पुरेल इतका लागतो. डोळ्यांना पुरणारा उजेड कॅमेऱ्याला पुरत नाही. टीव्हीवरचे रात्रीचे फुटबॉल पुरेशा प्रकाशझोतांच्या मैदानांपुरतेच राहते, ते यामुळेच.

मुंबईचा सोमवार, गोंदियाचे तीन दिवस

६ नोव्हेंबर २०२३, सोमवार. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये मुंबई सिटी विरुद्ध सौदी अरेबियाचा अल-हिलाल, डी. वाय. पाटील स्टेडियमवर. अल-हिलालचा जखमी खेळाडू नेमार आला नाही आणि मुंबई ०-२ हरली, तरी भारतात खेळल्या गेलेल्या क्लब सामन्यांत तो मोठाच होता.

गोंदियातल्या तरुणाने तो मैदानात बसून पाहायचे ठरवले असते, तर त्याचा हिशेब असा झाला असता. रविवारी दुपारी गोंदियाहून विदर्भ एक्स्प्रेस, जवळपास हजार किलोमीटर, सोमवारी सकाळी मुंबई. रात्री सामना. मंगळवारी संध्याकाळी परतीची तीच गाडी आणि बुधवारी गोंदिया. नव्वद मिनिटांसाठी रविवार धरून चार दिवस, त्यातले तीन कामाचे. हाच सामना शनिवारी असता तर शुक्रवार आणि सोमवार सांभाळून निभले असते. पण आशियाई क्लब स्पर्धेचे सामने आठवड्याच्या मधल्या दिवसांत ठेवावे लागतात, कारण शनिवार-रविवार प्रत्येक देशाच्या आपापल्या लीगला राखलेले असतात.

आठवड्याच्या रात्रीचा सामना असा लांबच्या माणसाला मैदानापासून तोडतो आणि पडद्याशी जोडतो. जर्मनीत या प्रश्नावर लोक उघड भांडले. तिथल्या पहिल्या श्रेणीच्या लीगने २०१७-१८ पासून हंगामात पाच सामने सोमवारी रात्री ठेवले. दुसऱ्या शहरात आपल्या संघामागे जाणारे कामगार आणि विद्यार्थी संतापले. १९ फेब्रुवारी २०१८ रोजी फ्रँकफुर्टमध्ये लाइपझिगविरुद्धच्या सामन्यात प्रेक्षकांनी मैदानावर टेनिसचे चेंडू फेकले आणि खेळ लांबला. सोमवारचे सामने २०२१ पासून बंद झाले. पडद्याचे पैसे मोठे असले, तरी रिकाम्या किंवा रागावलेल्या मैदानाचे चित्र पडद्यावरही खपत नाही, हे तिथल्या लीगला मान्य करावे लागले.

धानाच्या बांधीवरची मध्यरात्र

युरोपच्या चॅम्पियन्स लीगच्या बहुतेक रात्री मंगळवार-बुधवारच्या. मध्य युरोपात रात्री नऊला सुरू होणारा सामना आपल्याकडे उन्हाळी वेळेत साडेबाराला आणि ऑक्टोबरअखेर घड्याळे मागे गेली की दीड वाजता लागतो. पुन्हा मार्चअखेर साडेबारा. बाद फेरीचे सामने फेब्रुवारी ते मे या महिन्यांत होतात, आणि आपल्याकडे तोच काळ उन्हाळी धानाचा. शेतीपंपाला आलटूनपालटून रात्रीची वीज येते, तेव्हा बांधीत पाणी सोडायला कोणीतरी जागा असतोच. त्या जागरणाला सोबत म्हणून मोबाइलवर माद्रिदचा किंवा म्युनिकचा सामना असू शकतो. युरोपातल्या वेळापत्रकात या माणसाची नोंद कुठेच नाही, पण तोही प्रेक्षक आहे.

मोबाइलच्या चित्राची एक अडचण मात्र त्याला ठाऊक असते. उपग्रहावरून टीव्हीला येणाऱ्या चित्रापेक्षा इंटरनेटवरचे चित्र काही सेकंद, कधी त्याहूनही मागे असते. चित्राचे तुकडे पाडून, साठवून ते पुढे पाठवले जातात, आणि मोबाइलचे नेटवर्क कमजोर असेल तर साठवण वाढते. टीव्हीवाल्या घरातून आरोळी येते आणि आपल्या पडद्यावर चेंडू अजून मध्यरेषेवर असतो.

कायद्याने राखलेली संध्याकाळ

पडद्यावरचा मोठा खेळ गावच्या मैदानावरचा छोटा खेळ खाऊन टाकेल, ही भीती जुनी आहे, आणि काही देशांनी तिची दखल नियमांत घेतली आहे. इंग्लंडमध्ये १९६० च्या दशकापासून शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात फुटबॉलचे थेट प्रक्षेपण टीव्हीवर होत नाही. त्या वेळी देशभर छोट्या क्लबांचे सामने चालू असतात आणि त्यांची तिकिटे खपायला हवीत. टीव्हीवरचे सामने त्यामुळे इतर वेळांकडे सरकले, आणि १९९२ पासून सोमवारची रात्र हा त्यातला ठरलेला भाग झाला. ही बंदी ब्रिटनपुरती असल्याने दुपारी तीनचे ते सामने लंडनच्या घरात दिसत नाहीत. गोंदियात मात्र ते शनिवारी साडेसात किंवा साडेआठला दिसू शकतात.

अमेरिकेत त्यांच्या वेगळ्या, हाताने खेळल्या जाणाऱ्या फुटबॉलसाठी १९६१ मध्ये कायदा झाला. व्यावसायिक लीगला सगळ्या क्लबांचे प्रक्षेपण हक्क एकत्र विकायची सूट मिळाली, पण अटीसह. आधी कॉलेजांच्या आणि पुढे शाळांच्याही हंगामात शुक्रवारची रात्र आणि शनिवार त्यांच्या सामन्यांना मोकळे सोडायचे. लीगने मग आठवड्यातल्या दुसऱ्या रात्री शोधल्या. २१ सप्टेंबर १९७० पासून सोमवारच्या रात्रीचा सामना सुरू झाला आणि तो त्या देशाची सवय बनला. बलाढ्य खेळाने शाळेच्या मैदानासाठी जागा सोडली आणि तरीही तो वाढला.

आपण काय मागावे

आपल्याकडे २००७ चा कायदा आहे. राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरवलेल्या सामन्यांचे थेट चित्र खासगी हक्कदाराने प्रसार भारतीला द्यावे, असे तो सांगतो. २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ते चित्र दूरदर्शनच्या स्वतःच्या जमिनीवरील प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवरच दाखवता येते, केबलवरून नाही. म्हणजे देवरी-सालेकसाच्या एखाद्या घरावरची फ्री डिशची छत्री हीच विनापैशाच्या खेळाची खिडकी.

इंडियन सुपर लीगमागचा १५ वर्षांचा तो करार डिसेंबर २०२५ मध्ये संपला. त्याआधीच, जुलैमध्ये, पुढचा हंगाम थांबवण्यात आला होता. अखेर १४ फेब्रुवारी २०२६ पासून १४ संघांनी एकमेकांशी एकेकदाच खेळायचे, असा ९१ सामन्यांचा छोटा हंगाम ठरला. कराराचा कागद संपताच खेळाडू, क्लब आणि प्रेक्षक सगळेच महिनोन्‌महिने तारखेची वाट पाहत राहिले. वेळापत्रक हा खेळाचा पाठीचा कणा असतो, हे त्या महिन्यांनी सर्वांना शिकवले. म्हणून यापुढे जी व्यवस्था उभी राहील, तिच्याकडे गोंदियासारख्या लांबच्या जिल्ह्याने हक्काने मागणे मांडले पाहिजे. हंगामाच्या तारखा आधी जाहीर व्हाव्यात आणि मधेच बदलू नयेत. आठवड्यातला एक सामना तरी फ्री डिशवर दिसावा. मराठी समालोचन मिळावे. आणि आठवड्याच्या दिवसांत सामना शक्यतो साडेसातच्या आधी सुरू होऊ नये.

या शेवटच्या मागणीचे कारण आपल्या सूर्यात आहे. गोंदिया मुंबईच्या बरेच पूर्वेला. घड्याळ एकच, पण आपल्याकडे दिवस सुमारे अर्धा तास आधी मावळतो. डिसेंबरात साडेपाच वाजून गेले की थोड्याच वेळात अंधार पडतो. शाळा सुटल्यावर पोरांना मैदानात मिळतो तो जेमतेम तासाभराचा उजेड. पाचचा सामना तोच तास घेतो. साडेसातचा सामना त्याला हात लावत नाही. चेंडू दिसेनासा होईपर्यंत खेळायचे, घरी येऊन हातपाय धुवायचे, जेवायचे आणि मग टीव्हीपुढे बसायचे, इतकी फुरसत साडेसात देते. नुकतेच स्वतः खेळून आलेले पोर पडद्यावरचा सामना वेगळ्या डोळ्यांनी पाहते. बचावपटू कुठे चुकला, हे त्याला पायांतून कळलेले असते. दुसऱ्या दिवशी तोच उजेड, तेच मैदान, आणि काल पाहिलेले काहीतरी करून पाहायची घाई.