अडून बसलेली डिस्क

डिस्कवर किती जागा उरली हे पाहायला लिनक्सवर ‘डीएफ’ टाइप करून एंटर दाबावं, आणि कर्सर नुसताच लुकलुकत राहावा. दुसऱ्या टर्मिनलवर पाहिलं तर सीपीयू रिकामा, पण लोड ॲव्हरेज चढतच चाललेलं. ‘पीएस’च्या यादीत काही प्रोसेससमोर एकच अक्षर दिसतं: डी. म्हणजे डिस्कच्या किंवा नेटवर्कवरच्या साठ्याच्या उत्तराची वाट पाहत गाढ झोपलेली प्रोसेस. लिनक्स अशांनाही लोडमध्ये धरतं, म्हणून तो आकडा फुगतो.

नेटवर्कवरचा साठा बहुधा एनएफएसचा असतो. सन मायक्रोसिस्टिम्सने 1984 साली ही पद्धत घडवली तेव्हा एक गोष्ट मुद्दाम ठरवली होती: सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला, तरी क्लायंटचं काम होतं तिथून पुढे चालू व्हावं. त्यामुळे सर्व्हर गेला की क्लायंट हार मानत नाही. कर्नलच्या लॉगमध्ये ‘नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्राइंग’ अशी ओळ येते, आणि सर्व्हर परतला की ‘ओके’. हा हट्ट लिहिलेली माहिती हरवू नये म्हणून आहे. म्हणून पहिला प्रयत्न सर्व्हर किंवा नेटवर्क परत उभं करण्याचाच हवा.

पूर्वी अशा प्रोसेसवर ‘किल मायनस नाइन’चीही मात्रा चालत नसे. 2008 मधल्या 2.6.25 या कर्नलपासून एनएफएसवर अडकलेली प्रोसेस बहुतेक वेळा मारता येते. बिघडलेल्या हार्डडिस्कपुढे मात्र आजही हात टेकावे लागतात.

सर्व्हर परतणारच नसेल, तर ‘यूमाउंट’. ‘टार्गेट इज बिझी’ असं उत्तर आलं, तर आधी आपलाच शेल त्या डिरेक्टरीत उभा नाही ना, ते पाहावं. हे फार वेळा घडतं. काय काय माउंट आहे ते ‘डीएफ’ला न विचारता ‘प्रॉक’मधल्या ‘माउंट्स’ फाइलमध्ये वाचावं, ती अडकत नाही. मग ‘मायनस एफ’ची सक्ती, आणि तीही फसली तरच ‘मायनस एल’.

हा शेवटचा उपाय फसवा आहे. माउंट नजरेआड होतो, पण ज्यांनी तिथल्या फाइल उघडून ठेवल्या आहेत त्या प्रोसेस सुटत नाहीत, आणि सर्व्हरपर्यंत न पोहोचलेला डेटाही तसाच लटकून राहतो.

या कटकटीला वैतागून काही जण माउंट ‘सॉफ्ट’ करून टाकतात. तसं केलं की ठरावीक प्रयत्नांनंतर कर्नल प्रोग्रॅमला एरर देऊन मोकळं होतं. प्रोग्रॅमने ती एरर तपासली नाही, तर फाइल अर्धवट राहते आणि कुणाला पत्ताही लागत नाही. फक्त वाचायच्या साठ्याला ‘सॉफ्ट’ चालेल; बॅकअप किंवा डेटाबेस जिथे लिहिला जातो, तिथे ‘हार्ड’च ठेवावा.