तळं शांत, कॉम्प्युटर बेचैन

जुलैत ओवे गावातून खारघरच्या डोंगराकडे बघा. पाण्याच्या पांढऱ्या रेघा उतरताना दिसतात. हे सगळं पाणी शेवटी खाडीला जायचं, पण नेमकी भरती असली की खाडी ते घेत नाही. म्हणून तर सिडकोने नवी मुंबईत खाडीकाठी धारण तलाव बांधले. भरतीला झडपा बंद, ओहोटीला उघड्या.

समजा, फायनल इयरला तुमच्या ग्रुपने ठरवलं, या भागातल्या पुराचा नकाशा करायचा. समीकरणं तयारच आहेत. फ्रान्सच्या सँ-वनाँने १८७१ मध्ये उथळ पाण्याच्या प्रवाहासाठी मांडलेली पीडीई आजही वापरतात. जमिनीचे चौकोन पाडायचे, प्रत्येकात पाण्याची खोली आणि वेग ठेवायचा, कोड रन करायचा. रंगीत नकाशा आला, टाळ्या!

थांबा. आता पाऊस शून्य करा, झडपा बंद ठेवा, तलावात स्थिर पाणी भरा आणि तोच कोड पुन्हा चालवा. पुष्कळदा पाणी आपलं आपणच हलायला लागतं. वारा नाही, पाऊस नाही, तरी प्रवाह! हे भूत येतं कुठून?

शेजारचे दोन चौकोन घ्या. डावीकडे पाणी १ मीटर खोल, उजवीकडे २ मीटर, कारण डावा तळ १ मीटरने उंच आहे. वरची पातळी सपाट. खोल बाजूचं पाणी डावीकडे रेटतं, तळाचा उतार उजवीकडे ढकलतो, आणि दोन्ही तंतोतंत फिटतात. रेटा खोलीच्या वर्गाच्या निम्मा (गुरुत्वाकर्षणाचा आकडा दोन्हीकडे सारखाच, सोडून देऊ). म्हणजे फरक झाला (४ − १) ÷ २ = १.५. उताराचा जोर म्हणजे खोली गुणिले तळातला फरक. पण खोली कुठली घेणार? डावीकडची घेतली तर १ येतो, उजवीकडची घेतली तर २. दोन्हीत भूत तयार. सरासरी घेतली की बरोबर १.५! ही करामत शाळेतल्या अ² − ब² च्या सूत्राची. चौकोन बारीक केले तर भूत लहान होतं, जात मात्र नाही. स्थिर तळं स्थिरच ठेवायची ही अट स्पेनच्या बर्म्युदेझ आणि वाझ्केझ यांनी १९९४ मध्ये नेमकेपणाने मांडली.

काठावर मात्र सरासरीसुद्धा फसते. तिथे एक चौकोन ओला, शेजारचा कोरडा आणि पाण्याच्या पातळीहून उंच. काही कोड तर तिथे खोली चक्क उणे दाखवतात! २००४ मध्ये फ्रान्समधल्या ऑदूस आणि सहकाऱ्यांनी सुचवलेला उपाय मला फार आवडतो. सीमेवर दोघांतला उंच तळ धरायचा, पातळी त्याच्या जितकी वर तितकंच पाणी मोजायचं, आणि काहीच उरलं नाही तर शून्य.

पाण्याचा हिशेबही जुळायला हवा. एका चौकोनातून गेलेलं पाणी शेजाऱ्याच्या खात्यात थेंबाथेंबाने जमा व्हायला हवं. मुंबईसाठी २०२० मध्ये 'आयफ्लोज' ही पुराचा इशारा देणारी यंत्रणा सुरू झाली. असे इशारे बघून माणसं हलवायची की नाही हे ठरतं, आणि तळमजल्यावर राहणाऱ्याला वीतभर पाण्याचा फरकही पुरतो.

तुमच्या प्रोजेक्टच्या व्हायव्हात नकाशा दाखवायच्या आधी शांत तळ्याचा आलेख दाखवा. वेगाची रेघ शून्यावर सरळ पडलेली असेल. दिसायला अगदीच कंटाळवाणी.