मीटर बारा व्होल्ट दाखवतो, मग पंप का फिरत नाही?

गाडीच्या द्रवचलित सस्पेन्शनचा विद्युत पंप बंद पडला आहे. पंपाचा प्लग काढून त्यात मीटरची टोके धरली, तर मीटर १२ व्होल्ट दाखवतो. ‘करंट तर येतोय, म्हणजे पंपच गेला,’ असा निष्कर्ष निघतो आणि नवा, महागडा पंप बसवला जातो. तोही फिरत नाही! असे का होते हे समजण्यास माध्यमिक शाळेतला ओहमचा नियम पुरेसा आहे.

प्रथम हा पंप काय करतो ते पाहू. ट्रकला पोलादी पाटे असतात, मोटारगाडीला बहुधा स्प्रिंगा. फ्रान्सच्या सीत्रोएन कंपनीने १९५४ साली एका गाडीच्या मागील चाकांना आणि १९५५ साली ‘डीएस’ गाडीच्या चारही चाकांना वेगळीच रचना दिली. प्रत्येक चाकाशी धातूचा एक पोकळ गोल, त्यात रबरी पडदा, पडद्याच्या एका बाजूला नायट्रोजन वायू आणि दुसऱ्या बाजूला द्रव. चाक उचलले गेले की द्रव वायूला दाबतो, म्हणजे वायूच स्प्रिंगचे काम करतो. ओझ्याने गाडी खाली बसली, तर आणखी द्रव पाठवून तिला पूर्वीच्या उंचीवर आणता येते. त्यासाठी पंप. आरंभी तो इंजिनाच्या पट्ट्यावर फिरत असे. २००१ च्या ‘सी-५’ गाडीत त्याला स्वतःची विद्युत मोटर मिळाली. (२०२१ साली भारतात आलेल्या ‘सी-५ एअरक्रॉस’मध्ये असा पंप नाही.)

नगर–सोलापूर रस्त्यावरच्या, कर्जत तालुक्यातील मिरजगावात अशी गाडी क्वचितच दिसेल. पण पंपाची मोटर आणि ट्रॅक्टरचा सेल्फ यांच्या विद्युत परिपथांत तत्त्वतः फरक नाही. बॅटरीवर चालणारी, भरपूर धारा घेणारी मोटर दोन्हीकडे आहे. म्हणून पंपाचे कोडे सुटले, की सेल्फचेही सुटते.

पंपाचा परिपथ थोडा सोपा करून मांडू. बॅटरीच्या धन टोकापासून धारा फ्यूजमधून रिलेच्या संपर्कांत येते, तेथून मोटरमध्ये, मोटरमधून ‘अर्थ’च्या वायरने गाडीच्या सांगाड्यात आणि सांगाड्यातून बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत जाते. (काही गाड्यांत रिलेऐवजी इलेक्ट्रॉनिक स्विच असतो.) समजा, मोटर १२ व्होल्टला ३० अँपिअर धारा घेते. तिला साधा रोध मानले, तर तो ०.४ ओहम होतो आणि तिला ३६० वॅट शक्ती मिळते. आता अर्थच्या बोल्टावर गंज चढला आणि त्या जोडाचा रोधही ०.४ ओहम झाला. एकूण रोध ०.८ ओहम, धारा १५ अँपिअर. मोटरच्या वाट्याला ६ व्होल्ट आणि गंजलेल्या जोडाच्या वाट्याला ६ व्होल्ट! मोटरला आता ९० वॅट, म्हणजे पूर्वीच्या एक चतुर्थांश शक्ती मिळते. एवढ्या शक्तीने द्रवाच्या दाबाविरुद्ध फिरणे तिला जमत नाही. उरलेले ९० वॅट त्या जोडात उष्णतेच्या रूपाने वाया जातात. जोड हाताला चटका देतो, जवळचे प्लॅस्टिक वितळते. फिरती मोटर केवळ रोध नसते हे खरे, पण दोष समजण्यास हे गणित पुरेसे आहे.

मग मीटरने १२ व्होल्ट का दाखवले? कारण प्लग काढल्यावर परिपथात मोटर उरलीच नाही, तिच्या जागी मीटर आला. चांगल्या डिजिटल मीटरचा रोध सुमारे १ कोटी ओहम असतो. त्यातून जाणारी धारा जेमतेम १.२ मायक्रोअँपिअर. एवढ्या धारेने गंजलेल्या जोडावर पडणारे विभवांतर सुमारे अर्धा मायक्रोव्होल्ट! मीटर खोटे बोलत नाही. धारा वाहत नसताना जोडाचा दोष प्रकट होत नाही, एवढेच. ओहम मोजूनही हा दोष सहसा सापडत नाही, कारण साध्या मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोधही याच सुमाराचा असतो.

यावरून तपासणीची रीत ठरते. प्लग जोडलेला ठेवावा, पंप चालू करण्याची आज्ञा द्यावी आणि धारा वाहत असतानाच विभवांतर मोजावे. प्रथम बॅटरीच्या दोन टोकांवर, मग मोटरच्या दोन टोकांवर. दोन्ही आकडे जवळपास सारखे असतील, तर वायरिंग निर्दोष आहे. फरक मोठा असेल, तर तो कोठे हरवला ते शोधावे: बॅटरीच्या धन टोकापासून मोटरच्या धन टोकापर्यंत आणि मोटरच्या ऋण टोकापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत. या सर्व विभवांतरांची बेरीज बॅटरीच्या विभवांतराइतकी यायलाच हवी. हाच किरचॉफचा नियम. रिले ‘टक्’ वाजला, तर त्याचे वेटोळे काम करते एवढेच सिद्ध होते. संपर्क जळलेले असू शकतात, म्हणून त्यांवरचे विभवांतरही मोजावे.

मोटरला पूर्ण १२ व्होल्ट मिळूनही ती फिरत नसेल, तर धारा मोजावी. धारा शून्य असेल, तर कार्बन झिजले किंवा वेटोळे तुटले. धारा फार मोठी असेल, तर पंप अडकला आहे. मोटर नीट फिरते पण गाडी उचलत नाही, तर दोष द्रवात, नळ्यांत किंवा झडपांत शोधावा. फ्यूज वारंवार जात असेल, तर जास्त क्षमतेचा फ्यूज किंवा तार कधीही घालू नये. तसे केले तर वायरिंग पेटते. अशी गाडी अचानक खाली बसू शकते, म्हणून भक्कम टेकू दिल्याशिवाय तिच्याखाली जाऊ नये. नळ्यांतला दाब फार मोठा असतो, त्या सैल करू नयेत.

वर्गात हे सहज दाखवता येते. १२ व्होल्टची बॅटरी, ५ अँपिअरचा फ्यूज, इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब आणि १० वॅट क्षमतेचा ५ ओहमचा रोधक एकसर जोडा. रोधक म्हणजे आपला गंजलेला जोड. बल्ब काढून होल्डरच्या टोकांवर मीटर धरला, तर तो बॅटरीइतकेच विभवांतर दाखवेल. बल्ब लावताच आकडा ७ च्या आसपास किंवा त्याखाली येईल. रोधक गरम होतो, हात लावू नये. आधी काय दिसेल, हे विद्यार्थ्यांना विचारावे, मगच बल्ब लावावा.

ट्रॅक्टरच्या सेल्फला १०० अँपिअरहून कितीतरी जास्त धारा लागते. २०० अँपिअर धरले, तर अवघ्या ०.०१ ओहमच्या खराब जोडावर २ व्होल्ट हरवतात. पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टर सुरू होत नाही, तेव्हा नवी बॅटरी किंवा नवा सेल्फ घेण्याआधी सेल्फ मारतानाच ही चार मापे घेतली, तर पुष्कळदा खर्च बॅटरीची टोके व अर्थचा बोल्ट घासण्यापुरताच राहील. ही मापे घेणारा मुलगा किंवा मुलगी आपल्याच वर्गातून तयार व्हावी, असे आम्हांला वाटते.