टाकीखालची तुळई

हॅरो किंवा स्लाउमधल्या मराठी घरात फिशटँक घ्यायचं ठरलं, की पहिली चर्चा दिशेची होते. वास्तुशास्त्रवाले ईशान्य कोपरा सांगतात, मुलं टीव्हीशेजारची जागा मागतात. खालची जमीन कशावर उभी आहे, हे मात्र कोणी विचारत नाही. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये काँक्रीटचा स्लॅब असतो, त्यामुळे ती सवयच नसते. इंग्लंडातल्या जुन्या घरात ती लावून घ्यावी लागते.

चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी घ्या. सेंटीमीटरमध्ये १२० बाय ४५ बाय ४५, म्हणजे काठोकाठ भरली तर २४३ लिटर. नुसतं पाणीच २४३ किलो. काच, वाळू, दगड आणि स्टँड धरून आकडा साडेतीनशे किलोच्या आसपास जातो. पाच मोठी माणसं एका सतरंजीएवढ्या जागेत वर्षानुवर्षं न हलता उभी राहावीत, तसा हा भार. ब्रिटनमध्ये राहत्या घराची जमीन साधारण दर चौरस मीटरला दीडशे किलोच्या हिशेबाने आखतात. हा हिशेब सगळ्या खोलीचा असल्याने एका कडेला जास्त भार चालून जातो, पण कोणत्या कडेला, हे बघावं लागतं.

व्हिक्टोरियन घराच्या तळमजल्यावर बहुधा लाकडी तुळया असतात आणि त्यांच्यावर आडव्या फळ्या ठोकलेल्या असतात. गालिचा उचलला तर फळ्यांवर खिळ्यांच्या सरळ रांगा दिसतात. तुळई त्या रांगेखाली. टाकीची लांबी तुळयांना आडवी गेली, तर भार तीन-चार तुळयांत वाटला जातो. टाकी तुळईच्या दिशेनेच ठेवली, तर एखाद-दुसरीच तुळई सगळं सोसते. तुळया जिथे भिंतीत टेकतात ती जागा सर्वांत बळकट, खोलीचा मध्य सर्वांत कमकुवत. भिंतीतली टोकं ओलीने कुजलेली नसतील, तरच हे खरं. बाहेरच्या भिंतीत जमिनीलगत जाळीच्या विटा असतात, त्या जमिनीखालची पोकळी हवेशीर ठेवतात. बागेची माती चढवून कोणी त्या बुजवल्या असतील, तर आधी तुळया तपासून घ्याव्यात. ईशान्य नंतर बघता येईल.

गंमत म्हणजे ही घरं आणि हा छंद एकाच काळातले. १८४५ साली काचेवरचा कर उठला. १८४६ मध्ये अ‍ॅना थिन यांनी टॉर्कीहून जिवंत प्रवाळ लंडनला आणले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी ते पाणी रोज या भांड्यातून त्या भांड्यात ओतत बसायची. मोठ्या घरी मुक्कामाला आलेल्या प्रवाळांची बडदास्त! १८५३ मध्ये रीजंट्स पार्कच्या प्राणिसंग्रहालयात 'फिश हाउस' उघडलं, पुढच्या वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचं 'द अक्वेरियम' आलं आणि दिवाणखान्यात मासे पाळायचं वेडच लागलं. पुढे बराच काळ टाक्यांना धातूची चौकट असायची. सिलिकॉन आल्यावर चौकट गेली, काचेला काच चिकटली. म्हणजे पूर्वी चौकट जे सांभाळायची, ते आता स्टँडला सांभाळावं लागतं.

लोक कलण्याला घाबरतात. खरा वैरी पीळ आहे. चार फुटांत एक सेंटीमीटर उतार असला, तर खालच्या टोकाला पाणी अर्धा सेंटीमीटर वर चढतं आणि दाब जेमतेम एक टक्का वाढतो. दिसायला वाईट, पण लगेच घातक नाही. तीन कोपरे एका पातळीत आणि चौथा खाली, हे मात्र वाईट. काच वाकत नाही. ताण सांध्यावर किंवा कोपऱ्यावर येतो आणि तडा कधीकधी महिन्यांनी जातो. पीळ पकडायची सुतारी युक्ती सोपी आहे. स्टँडच्या माथ्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन दोऱ्या तिरप्या ताणायच्या. मधोमध त्या एकमेकींना अलगद टेकल्या पाहिजेत. फट राहिली किंवा एकीने दुसरीला दाबलं, तर पीळ आहे. वरची दोरी खाली घेऊन पुन्हा बघायचं. स्पिरिट लेव्हलही उलटी फिरवून पाहावी. दोन्हीकडून बुडबुडा एकाच जागी आला, तरच तिच्यावर भरवसा ठेवावा.

पाचर घालायची ती स्टँड आणि जमीन यांच्यामध्ये. टाकी आणि स्टँड यांच्यामध्ये कधीही नाही. ब्रिटिश घरांत आणखी एक छुपा खोडसाळपणा असतो. भिंतीला भिडवलेला गालिचा कडेला खिळ्यांच्या लाकडी पट्टीवर अडकवलेला असतो. स्टँडचे मागचे पाय त्या पट्टीवर आणि पुढचे मऊ गालिच्यात, मग टाकी पुढे झुकणारच. स्टँडपुरता गालिचा आणि पट्टी काढावी, भाड्याच्या घरात मालकाला विचारून.

जोडून घ्यायच्या स्टँडची मागची पातळ फळी बिनकामाची वाटते, म्हणून नळ्यांसाठी ती बेधडक कापली जाते. स्टँडला बाजूला डुलू न देणारी तीच असते. बिनचौकटीच्या टाकीखाली फोमची चटई लागते; प्लास्टिक चौकटीवर तळ अधांतरी असलेल्या टाकीला ती नको, कारण फोम काचेला खालून रेटतो.

पाणी टप्प्याटप्प्याने भरावं. आधी थोडं भरून चारही कोपऱ्यांत पट्टीने उंची मोजावी. पाण्याहून चांगली लेव्हल बाजारात मिळत नाही. अर्ध्यावर थांबून दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावं, कारण लाकडी जमीन भार आल्यावर किंचित बसते. पाचर सरकवायची वेळ आली, तर आधी पाणी उपसावं, भरल्या टाकीला हात लावू नये. फ्लॅट वरच्या मजल्यावर असेल, तर घरविम्याच्या कागदात गळतीचं कलम फिशटँकचं पाणी धरतं का, तेही टाकी आणण्याआधीच वाचून ठेवावं.