चार विटा

लिफ्टमध्ये माझ्या शेजारी उभ्या असलेल्या आजींच्या कापडी पिशवीत चार विटा होत्या. पिशवीचे बंद ताणले गेले होते आणि आजींनी ती दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. वरळीच्या बीडीडी चाळींच्या जागी झालेल्या नव्या इमारतीत मी एका मैत्रिणीकडे निघाले होते. न राहवून विचारलं, "आजी, विटा कशाला?"

"खाटेच्या आहेत."

एवढं बोलून त्या उतरल्या. पिशवी घेऊ का म्हणत मीही त्यांच्या मागे उतरले आणि त्यांच्या हॉलमध्ये जाऊन पोचले. तिथे एक सुतारमिस्त्री गुडघ्यांवर बसून जमिनीवर वर्तमानपत्रं पसरत होते. घरात अजून एक खिळा ठोकलेला नव्हता. त्या दिवशी मैत्रिणीकडे जायचं राहूनच गेलं. पुढच्या महिनाभरात मी त्या घरी चारदा गेले.

या इमारतींमधल्या पहिल्या 556 कुटुंबांना चाव्या मिळाल्या 14 ऑगस्ट 2025 ला. त्याआधीची जवळजवळ शंभर वर्षं ही वस्ती 160 चौरस फुटांच्या खोल्यांत राहिली. 1920 च्या दशकात 'बॉम्बे डेव्हलपमेंट डायरेक्टोरेट'नं वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून 207 चाळी उभारल्या. त्यातल्या 121 एकट्या वरळीत. आता त्या खोलीच्या बदल्यात 500 चौरस फुटांचं घर. आकडा ऐकताना मोठा वाटतो. पण त्यातून दोन झोपायच्या खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर, संडास वजा केले की हॉल किती उरतो? मिस्त्रींनी टेप धरला. रुंदी 10 फूट, लांबी 14.

"म्हणजे 140," मिस्त्री म्हणाले.

"आणि आमची खोली 160," आजी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. जुन्या शेजारणीची आठवण काढावी तसा त्या हा आकडा उच्चारत. पुढच्या प्रत्येक भेटीत, कशाचंही माप निघालं की तो निघायचाच.

आजींच्या मुलाच्या मनात एल आकाराचा सोफा होता. त्यानं मोबाईलवर फोटो दाखवला: राखाडी कापड, मागे भलीमोठी काचेची भिंत, समोर गालिचा. मिस्त्रींनी फोटो नीट पाहिला, नाही म्हटलं नाही. सोफ्याच्या मापाचे कागद जोडून त्यांनी जमिनीवर एल मांडला, एक बाजू 8 फूट, दुसरी 6, खोली 3 फूट. टीपॉयचा कागद वेगळा, टीव्हीच्या युनिटचा वेगळा. दार आत उघडतं तिथे खडूनं पाव वर्तुळ काढलं. मग उठून म्हणाले, "आता कागदावर पाय न देता घरात वावरा. वहिनी, तुम्ही चहा घेऊन या."

वहिनी खरंच ट्रे घेऊन आल्या. टीपॉय आणि युनिटच्या मधून येताना त्यांना आडवं व्हावं लागलं. खिडकी उघडायला गेल्या तर कागदावर पाय पडला. दिव्याचं बटण सोफ्याच्या पाठीमागे गेलेलं. नातू धावत आला आणि सगळा एल तुडवून गेला. मिस्त्री कुणाला काही बोलले नाहीत. भिंतीला टेकून ते फक्त बघत होते.

"चालायच्या वाटेला अडीच फूट तरी पाहिजेत," ते नंतर मला म्हणाले. "सोफा आणि टीपॉयच्या मध्ये दीड पुरतो, तिथे नुसते गुडघे असतात. पण वाटेला अडीच. दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं अंग चोरलं की भागतं." मिस्त्री मूळचे कणकवलीकडचे. तीस वर्षं मुंबईत लोकांचे हॉल लावतायत. ग्राहकाला कागद मांडून दाखवल्याशिवाय ते प्लाय आणत नाहीत. 8 बाय 4 चा शीट एकदा कापला की परत जोडता येत नाही, एवढंच कारण त्यांनी दिलं.

त्या एलचा हिशेबही त्यांनी करून दाखवला. 33 चौरस फूट जमीन सोफ्याखाली. त्यातले 9 कोपऱ्यातले. "तिथे बसलेल्याला पाय सोडायला जागा नसते. त्या 9 फुटांत उशाच बसतात."

इतक्यात खिडकीतून समुद्राकडचा वारा आला आणि टीव्हीचं युनिट उडून स्वयंपाकघरात गेलं. एवढ्या उंचीवरचा वारा चाळीत कुणाला ठाऊक होता! आजी न बोलता उठल्या, पिशवी घेऊन आल्या आणि एकेक वीट कागदांच्या कोपऱ्यांवर ठेवली.

त्या विटांना एक इतिहास होता. चाळीतल्या खोलीत आजींच्या सासऱ्यांची सागवानी खाट होती आणि तिचे चारही पाय उभ्या विटांवर असायचे. उभी वीट म्हणजे 9 इंच. तेवढ्यानं खाटेखाली पत्र्याची ट्रंक शिरायची, गव्हाचा डबा शिरायचा, पाहुण्यांच्या गाद्यांची वळकटी शिरायची. माणसं नऊ. पहाटे पाणी यायचं तेव्हा अंथरुणं गुंडाळून खोली मोरीची आणि चुलीची व्हायची. दहा वाजता स्टोव्ह सरकवून, फरशी पुसून मुलांचा अभ्यास. दुपारी तिथेच शेजारणींबरोबर पापड लाटायचे. रात्री आधी कोण झोपणार यावर अंथरुणांचा क्रम ठरायचा. सकाळची पाळी असलेला कपाटाच्या बाजूला, म्हणजे उठताना कुणाला ओलांडायला नको. मोठी मुलं बाहेर गॅलरीत. "दिवसातून चार वेळा खोली लावायचे मी," आजी म्हणाल्या. "160 फुटांत."

हे सांगताना त्या नव्या हॉलच्या रिकाम्या फरशीवर बोट दाखवत होत्या. इथे स्टोव्ह, इथे कपाट, इथे मी. कुठल्या कोर्सला न जाता या बाईनं पन्नास वर्षं जे केलं, त्याला अंतर्गत सजावट म्हणायला मी मुळीच कचरणार नाही. फरक एवढाच की त्यांच्या सजावटीत वस्तू हलायच्या आणि जमीन मोकळी व्हायची. सोफ्याच्या फोटोत वस्तू एकदा येऊन बसतात, मग हलायचं ते माणसांनी.

मुलाची बाजूही मला कळत होती. लहानपणी मित्राला घरी बोलावलं तर बसवायचं कुठे, हा प्रश्न त्यानं रोज सोसला होता. सोफा म्हणजे त्याला आल्यागेल्याला "बसा" म्हणता येणं होतं. तो सोफ्याचं बोलायचा तेव्हा मिस्त्री टेप खाली ठेवून ऐकत.

शेवटी प्रश्न आजींनीच काढला. "गणपती कुठे बसवायचा?"

चाव्या मिळाल्या आणि तेराव्या दिवशी, 27 ऑगस्टला गणपती आले होते. तेव्हा हॉलमध्ये काहीच नव्हतं, सतरंज्या अंथरल्या, आणि भजनाला पंचवीस माणसं बसली. पुढच्या वर्षी तो एल कुणी कुठे सरकवायचा? मुलानं खिडकीकडच्या भिंतीकडे पाहिलं, मग कागदांकडे. त्यानं स्वतःच वाकून एलचा लहान हात उचलला.

मिस्त्रींनी लगेच खडू घेतला. लांब भिंतीलगत साडेसहा फुटांचा सरळ तीन माणसांचा सोफा. समोर टीव्ही, त्याचा मध्य जमिनीपासून साडेतीन फुटांवर, म्हणजे बसलेल्याला मान वर करावी लागत नाही. खिडकीखाली दिवाण, बसायला 18 इंच उंच, खाली ओढायचे खण. आणि खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात 4 बाय 3 चा चौकोन, ज्यात मिस्त्रींनी काहीच लिहिलं नाही.

"दिवाण नवा नको," आजी म्हणाल्या. "खाट आहे."

खाट तेव्हा आतल्या खोलीत उभी करून ठेवली होती. मिस्त्रींनी तिच्या पायावर बोटाच्या पेरानं टकटक केलं, कान लावला, परत केलं. मग पायाच्या तळाशी अंगठा फिरवला. विटेवर टेकून तिथलं लाकूड काळपट, गुळगुळीत झालं होतं. "असा साग आता मला आणून द्या कोणी," ते स्वतःशीच म्हणाले. महिनाभरात त्यांना एवढं खूश झालेलं मी दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

पुढचं काम नेहमीचं: प्लाय आला, कापला, सनमायका चिकटली, आवाजाच्या तक्रारी झाल्या. घरभर फेव्हिकॉलचा ओलसर आंबूस वास. तो मला त्या इमारतीच्या प्रत्येक मजल्यावर आला, लिफ्टचं दार उघडलं की पहिला तोच. पण ज्या दुपारी मिस्त्रींनी खाटेच्या बाजूच्या पट्टीवर रंधा फिरवला, त्या दुपारी वास बदलला. काळ्या थराखालून पिवळट सोनेरी लाकूड निघालं आणि कातड्यासारखा, तेलकट, जुन्या देवळासारखा सागाचा वास खोलीत पसरला. आजी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, छिलक्याची एक गुंडाळी उचलून त्यांनी नाकाशी धरली आणि पदराला बांधली. त्या वासासाठी मी पुढच्या आठवड्यात काही काम नसताना पुन्हा गेले.

खाटेची चौकट तशीच ठेवून तिच्या खाली खण बसवायचे ठरले. खणांची आतली उंची मिस्त्रींनी 9 इंच ठेवली. मी विचारलं, 9 च का? "विटा तेवढ्याच होत्या ना," ते म्हणाले. "त्यांचं सामान त्या मापाचं आहे."

शेवटच्या खेपेला गेले ती दुपारची वेळ. सोफा यायचा होता, दिवाणाला पॉलिशचा पहिला हात देऊन तो वाळत ठेवला होता. जमिनीवरचे कागद गेले होते, खडूच्या रेघा फरशी पुसताना गेल्या होत्या. विटा मात्र खिडकीच्या कोपऱ्यात होत्या, त्या 4 बाय 3 च्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर, उभ्या. मिस्त्री भिंतीला टेकून डबा खात होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवून मला गप्प राहायला सांगितलं.

चार विटांच्या मध्ये चटई टाकून, गुडघे पोटाशी घेऊन आजी झोपल्या होत्या.