दाताची नस जिवंत ठेवण्याची शंभर वर्षं

कोलकात्यात सियालदह स्टेशनपासून जवळच, मौलालीला, डॉ. आर. अहमद डेंटल कॉलेज आहे. देशातलं हे पहिलं दंत महाविद्यालय डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० साली सुरू केलं. आयोवा विद्यापीठात शिकून, बॉस्टनच्या फोर्साइथ इन्फर्मरीत, म्हणजे खास मुलांच्या दातांच्या दवाखान्यात, काम करून ते परतले होते. त्याच १९२० साली जर्मनीत हेरमान यांनी कॅल्शियम हायड्रॉक्साइड दंतोपचारात आणलं. मुलांच्या किडक्या दाढेतली उघडी पडलेली नस वाचवायची कशी, या प्रश्नाचा मागोवा तिथूनच घ्यावा लागतो.

मुलांचा प्रश्न वेगळा आहे. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. जुनी कुठलीच दाढ पडत नाही, त्यामुळे पुष्कळ आईवडील तिलाही दुधाचीच समजतात आणि कीड लागली तरी ‘पडेल आपोआप’ म्हणून सोडून देतात. ही दाढ उगवल्यावरही तिची मुळं पूर्ण व्हायला आणखी तीनेक वर्षं लागतात, आणि ती घडवते आतली नसच. आठव्या वर्षी नस मेली तर मुळं आखूड, भिंती पातळ आणि टोकं उघडी राहतात. अशी दाढ पुढे सहज मोडते.

दुधाच्या दातांत मात्र दीर्घकाळ चलती राहिली ती फॉर्मोक्रेसॉलची. बकलींनी १९०४ साली पुढे आणलेलं हे औषध उरलेली नस बरी करत नाही, गोठवून टाकतं. दात ठणकायचा थांबे, दुधाचा दात पडेपर्यंत काम भागे. त्यातलं फॉर्मल्डिहाइड कर्करोगकारक असल्याचं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली जाहीर केलं, तेव्हा या वापराबद्दलची साशंकता वाढली. पण यशाच्या आकड्यांत ते मागे नव्हतं, हेही मान्य करायला हवं. २०१७ च्या अमेरिकी बालदंत मार्गदर्शिकेतही दुधाच्या दातांसाठी त्याची शिफारस कायम होती.

कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा मार्ग उलटा. त्याच्या तीव्र अल्कतेमुळे नसेचा वरचा थर जळतो आणि त्याखाली नस स्वतःच नव्या दंतिनाचा पूल रचते. कायमच्या कोवळ्या दाढांना याने मोठा आधार दिला. दोष दोन: लेप हळूहळू विरघळतो, आणि तयार झालेल्या पुलात बारीक बोगदे राहतात. दुधाच्या दातांत तर मुळं आतून झिजायची.

या सगळ्या काळातला माझ्या मते सर्वांत मोलाचा प्रयोग कोणत्याही औषधाचा नव्हता. १९६५ साली काकेहाशी आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या दाढांतली नस उघडी करून तशीच सोडली. जंतुमुक्त वातावरणात वाढलेल्या उंदरांची नस, वर अन्न साचूनही, आपसूक सांधली. साध्या उंदरांची सडली. म्हणजे नसेत बरं होण्याची ताकद असतेच, तिला मारतात ते जंतू. तेव्हापासून लेपाची खरी परीक्षा ही ठरली, की तो वरून जंतूंना किती घट्ट अडवतो.

या परीक्षेत १९९३ साली कॅलिफोर्नियात तोराबिनेजाद यांच्या गटाने मांडलेलं एमटीए हे सिमेंट उतरलं. मूळ घटक बांधकामातलंच पोर्टलंड सिमेंट, एक्स-रेत दिसावं म्हणून बिस्मथ ऑक्साइड. ओलाव्यातही ते घट्ट होतं आणि त्याखालचा पूल जाड, सलग असतो. मात्र ते आवळायला पावणेतीन तास घेतं, बिस्मथमुळे दात काळवंडतो, आणि किंमत कॅल्शियम हायड्रॉक्साइडच्या कितीतरी पट. पुढे आलेल्या बायोडेंटिन या सिमेंटने पहिल्या दोन अडचणी बऱ्याच सोडवल्या: बिस्मथऐवजी झिरकोनियम आणि आवळायला बारा मिनिटांच्या आसपास. कॅनिंगहून लोकलने सियालदहला मूल घेऊन येणाऱ्या आईसाठी एकाच खेपेत काम होणं ही लहान गोष्ट नाही. तिची रोजी बुडते. किमतीची अडचण मात्र अजून तशीच आहे, आणि सरकारी दवाखान्यांच्या खरेदीत ही सिमेंटं नियमित असावीत असं मला ठामपणे वाटतं.

नस किती सुजली आहे हे नेमकं दाखवणारं साधन अजूनही नाही. डॉक्टर किडका भाग काढतात, ओला बोळा दाबतात आणि काही मिनिटांत रक्त थांबतं का ते पाहतात. थांबलं तर सिमेंट. नाही थांबलं तर नसेचा आणखी थोडा भाग काढून पुन्हा बोळा.