जानुसंधिगत वात : सुई टोचण्यापूर्वीचा साध्यासाध्यविवेक

‘गुडघ्यात ते रक्ताचे इंजेक्शन घेऊ का?’ हा प्रश्न संधिगत वाताचे रुग्ण हल्ली वैद्यालाही विचारतात. रुग्णाचेच रक्त यंत्रात फिरवून वेगळा केलेला, प्लेटलेट्सनी समृद्ध असा द्रव, म्हणजे पीआरपी, त्यांना अभिप्रेत असतो.

काही वर्षांपूर्वी एका निवृत्त शिक्षिकेला मी ‘घेऊन पाहा’ असे सहज म्हणून गेलो. गुडघे धनुष्याकृती वाकलेले; एक्स-रेमध्ये दोन अस्थींमधील अंतर जवळजवळ नाहीसे झालेले. तीन इंजेक्शने झाली, साठवलेले पैसे गेले, वेदना तशीच राहिली. ‘फोटो तुम्ही पाहिला होता ना?’ एवढेच त्यांनी विचारले. मी पाहिला होता. असाध्य व्याधीवर चिकित्सा करणाऱ्या वैद्याच्या अर्थ, विद्या व यशाची हानी चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या दहाव्या अध्यायात सांगितली आहे. येथे अर्थहानी रुग्णाची झाली होती.

केलग्रेन व लॉरेन्स यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या ० ते ४ या श्रेणींपैकी चौथीत सांध्याची रचनाच बिघडलेली असते. तेथे कूर्चा पुन्हा निर्माण होईल ही आशा दाखवणे योग्य नव्हे. मग दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीच्या रुग्णांना लाभ निश्चित मानावा काय? ऑस्ट्रेलियातील ‘रिस्टोर’ चाचणीत (२०२१) पन्नाशी ओलांडलेले, याच दोन श्रेणींचे २८८ रुग्ण होते. आठवड्याला एक, अशी तीन इंजेक्शने. काहींना पीआरपी, काहींना केवळ सलाइन. वर्षानंतर दहापैकी मोजलेली वेदना अनुक्रमे २.१ व १.८ ने उतरली. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या नगण्य ठरला. कूर्चेच्या आकारमानातही लक्षणीय फरक दिसला नाही. त्या द्रवातील प्लेटलेट्सची मात्रा अल्प होती, असा आक्षेप पुढे घेतला गेला. मात्राविचार आपणांस परका नाही, म्हणून तो मला हसण्यावारी नेता येत नाही.

तथापि सलाइननेही वेदना १.८ ने उतरली, हे आपण जानुबस्तीचे यश सांगतानाही ध्यानी ठेवावयास हवे. ‘माझ्या रुग्णास बरे वाटले’ एवढ्यावरून कोणास लाभ होईल हे ठरत नाही.

गेल्या महिन्यात बावन्न वर्षांचे एक गृहस्थ आले. श्रेणी दुसरी, गुडघा सरळ, मात्र स्थौल्य बरेच. इंजेक्शनचा निर्णय तीन महिने पुढे ढकलून आहार आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आरंभिले आहेत. जिना उतरतानाच्या वेदनेला दहापैकी किती गुण, हे ते रोज वहीत लिहितात.